जॉर्ज म्हणजे शेतकरी

वसईजवळच्या एका वाडीत स्नानसंस्कारानंतरच्या जेवणाला गेले होते. केळीच्या बागेला लागून मांडव घातला होता. पायाखालची जमीन नुकत्याच दिलेल्या पाण्याने मऊ झाली होती, आणि रश्श्याच्या वासात मधूनच ओल्या मातीचा आणि कुजणाऱ्या केळीच्या पानांचा वास मिसळत होता. ज्या बाळासाठी हा सगळा खटाटोप चालला होता ते पांढऱ्याशुभ्र झबल्यात आजोबांच्या मांडीवर गाढ झोपले होते. आजोबांचा जन्म शेतीत गेलेला. बोटांच्या पेरांवरचे केळीच्या चिकाचे काळपट डाग इतके जुने की तो आता कातडीचाच रंग झाला होता. बाळाचे नाव जॉर्ज ठेवले होते. मुंबईहून आलेल्या एका पाहुणीने कौतुकाने विचारले, "जॉर्ज म्हणजे काय हो?" आजोबांनी तिच्याकडे आश्चर्याने पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे काय म्हणजे? माझ्या बापाचं नाव." मांडवात हशा पिकला, पाहुणीही हसली आणि बोलणे कुणाच्या तरी बदलीवर गेले. उत्तर मला ठाऊक होते. ते मी सांगितले नाही, आणि सांगायला हवे होते असेही मला वाटत नाही. ज्याच्या घरात एखादे नाव पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे त्याला त्याचा अर्थ बाहेरच्या माणसाने समजावून देणे हा आगाऊपणाच ठरला असता. पण त्या हातांवरचे डाग आणि त्या नावाचा अर्थ यांची सांगड माझ्या मनात बसली ती बसलीच.

जॉर्ज म्हणजे शेतकरी.

ग्रीक भाषेत 'गे' म्हणजे भूमी आणि 'एर्गोन' म्हणजे काम. भूमीवर काम करतो तो 'गेओर्गोस'. शाळेत शिकलेल्या जिऑग्राफी, जिऑलॉजी, जॉमेट्री या शब्दांच्या आरंभी जी भूमी आहे तीच या नावाच्या आरंभी आहे, आणि एनर्जी या शब्दाच्या पोटात जे काम आहे तेच याच्या शेवटी आहे. आजही ग्रीसमध्ये शेतकऱ्यासाठी हाच शब्द चालतो, फक्त उच्चार 'येओर्गोस' असा झाला आहे. प्राचीन अथेन्समध्ये तर आकाशाचा आणि विजेचा स्वामी असलेल्या झ्यूसचीही 'शेतकरी झ्यूस' या रूपात पूजा होत असे. आपण मराठी माणसे नावाच्या अर्थाबाबत फार चोखंदळ आहोत असे आपले आपल्याविषयी मत आहे. बारशाच्या आधी घरात याद्या फिरतात आणि प्रत्येक नावापुढे अर्थ लिहिलेला असतो. अवनी, वसुधा, धरा, क्षिती अशा भूमीच्या नावांच्या मुली शहरातल्या प्रत्येक इमारतीत भेटतात. पण त्या भूमीवर राबणाऱ्याचे नाव मुलाला ठेवायचे म्हटले की यादी संपते. हलधर आहे, परंतु तो बलराम म्हणून चालतो, नांगर धरणारा म्हणून नव्हे. भाषणात आपण शेतकऱ्याला बळीराजा म्हणतो, पाळण्यात मात्र त्याला जागा देत नाही. म्हणूनच इंग्लंडच्या सहा राजांनी हे नाव मिरवले याचे मला नवल वाटत आले आहे. त्या नावाचा माग काढू लागले तेव्हा असे दिसले की राजवाड्याच्या दारापर्यंत पोचण्याच्या कितीतरी आधीच त्याच्यातला शेतकरी वाटेत गळून पडला होता.

तो गळून पडला एका सैनिकामुळे. परंपरा असे सांगते की रोमन सैन्यात जॉर्ज नावाचा एक अधिकारी होता, सम्राट डायोक्लीशनच्या काळात ख्रिस्ती धर्म सोडण्यास त्याने नकार दिला आणि इ. स. ३०३ च्या सुमारास त्याचा शिरच्छेद झाला. लिड्डा, म्हणजे आजच्या इस्रायलमधील लोद, या गावी त्याची समाधी दाखवतात. चित्रांतून आपल्या ओळखीचा झालेला पांढरा घोडा, भाला आणि भाल्याखाली तडफडणारा ड्रॅगन या गोष्टी त्याच्या कथेत कित्येक शतकांनी आल्या. तेराव्या शतकात इटलीतील एका धर्मगुरूने केलेल्या संतचरित्रांच्या संग्रहातून ती कथा युरोपभर गेली. धर्मयुद्धांच्या त्या काळातील सरदारांना असा घोडेस्वार संत हवाच होता. इंग्लंडने त्याला आपला संरक्षक मानले, पोर्तुगालने मानले, कॅटलोनियाने मानले, इथिओपियाने मानले. शेतकरी नावाचा माणूस चिलखत घालून झेंड्यांवर चढला आणि त्याच्या हातात खुरपे असू शकते ही शक्यताच कुणाच्या मनात राहिली नाही.

खेड्यापाड्यांनी मात्र आपला हिशेब वेगळा ठेवला. बाल्कन प्रदेशात सेंट जॉर्जचा दिवस हा हंगामाचा दिवस आहे. हिवाळाभर गोठ्यात कोंडलेली जनावरे त्या सुमारास कुरणात सोडतात, पहाटेच्या दवात माणसे पाय भिजवतात, मेंढ्यांच्या पहिल्या दुधाचा सोहळा होतो. जुन्या पंचांगामुळे हा दिवस तिथे २३ एप्रिलऐवजी ६ मे रोजी येतो. त्या मेंढपाळांना ड्रॅगनचा काही उपयोग नव्हता. गवत, पाऊस आणि दूध यांची हमी देणारा कोणी तरी त्यांना हवा होता, आणि त्यांनी तो त्या घोडेस्वारातून काढून घेतला. रशियात हेच नाव युरी झाले. तिथे शरद ऋतूत, २६ नोव्हेंबरला, आणखी एक 'युरीचा दिवस' येई. पीक घरात आल्यावर, त्या दिवसाच्या आधीचा एक आठवडा आणि नंतरचा एक आठवडा, एवढ्या मुदतीत कुळाला आपला जमीनदार सोडून दुसऱ्याकडे जाण्याची मुभा असे. १४९७ च्या कायद्याने ही मुदत सगळ्या राज्याला लागू केली, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती मुभाच काढून घेण्यात आली. शेतकरी जमिनीला बांधला गेला तो शतकानुशतके. 'घे आजीबाई, हा तुझा युरीचा दिवस!' अशा अर्थाची एक म्हण रशियन लोक अजून वापरतात, हातातोंडाशी आलेले काही निसटले की.

त्या म्हणीबरोबर मला नेहमी दुसराच एक युरी आठवतो. युरी गागारिनचे आईवडील सामूहिक शेतावर राबणारे; वडील सुतारकाम करीत, आई गोठ्यावर काम करी. १२ एप्रिल १९६१ रोजी पृथ्वी सोडून अवकाशात जाणाऱ्या पहिल्या माणसाचे नाव 'भूमीवर काम करणारा' असे असावे, आणि परतताना त्याने व्होल्गाकाठच्या एका शेतात, बटाटे लावीत असलेल्या एका बाईच्या आणि तिच्या नातीच्या समोर उतरावे, हे कोणी कथेत लिहिले असते तर संपादकाने खोडून टाकले असते.

इंग्लंडकडे वळायचे तर तिथली एक गंमत अशी की संरक्षक संत जॉर्ज असूनही इंग्रज आईबाप मुलांना ते नाव क्वचितच ठेवीत. ते घरोघर गेले १७१४ नंतर, हॅनोव्हरचा, इंग्रजी जेमतेम येणारा जॉर्ज पहिला गादीवर आल्यावर. त्याच्यामागून ओळीने आणखी तीन जॉर्ज आले आणि ११६ वर्षे त्या देशाने दुसऱ्या नावाचा राजा पाहिला नाही. या चौघांपैकी तिसरा मला आवडतो, राजा म्हणून नव्हे. जॉर्ज तिसऱ्याला शेतीचे खरोखर वेड होते. विंडसरच्या राजवाड्याच्या जमिनीवर तो शेतीचे प्रयोग करून पाही, मेरिनो जातीच्या मेंढ्या त्याने मुद्दाम मिळवून पाळल्या होत्या, आणि १७८७ मध्ये शेतीविषयक एका नियतकालिकाला त्याने पत्रे लिहिली ती रॅल्फ रॉबिन्सन या नावाने; हे नाव त्याच्या विंडसरच्या मेंढपाळाचे होते. ज्याच्या स्वतःच्या नावातच शेतकरी बसलेला होता त्या राजाला शेतीवर चार शब्द लिहिण्यासाठी चाकराचे नाव उसने घ्यावे लागले. लंडनच्या चेष्टेखोरांनी त्याला 'फार्मर जॉर्ज' म्हणायला सुरुवात केली. राजाने शेतकरी असणे ही त्यांच्या दृष्टीने हसण्याची गोष्ट होती. हे नाव म्हणजे 'शेतकरी शेतकरी' अशी निव्वळ द्विरुक्ती आहे, हे त्यांच्यातल्या ग्रीक शिकलेल्या एखाद्याच्या ध्यानात आले असेल काय, असा प्रश्न मला पडतो. पुढे लोक तेच टोपणनाव प्रेमाने घेऊ लागले.

या राजाच्या हातून अमेरिका गेली तीही एका जॉर्जच्या सेनापतित्वाखाली, आणि तोही शेतीचा तितकाच वेडा. जॉर्ज वॉशिंग्टनने माउंट व्हर्नन या आपल्या जमिनीवर तंबाखूचे पीक थांबवून गहू आणला, कारण तंबाखूने माती खंगते हे त्याला दिसत होते. खतांचे, फेरपालटाचे प्रयोग त्याने केले. गव्हाच्या मळणीसाठी त्याने सोळा बाजूंचे एक लाकडी कोठार बांधून घेतले. वरच्या मजल्यावर गव्हाच्या पेंढ्या पसरायच्या, त्यांवरून घोडे गोल फिरवायचे, आणि फळ्यांच्या फटींतून दाणे खालच्या मजल्यावर पडायचे. आपल्या खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरते तशीच ही मळणी, फक्त छपराखाली आणि माडीवर. त्या कोठाराची चित्रे मी बराच वेळ पाहत बसले होते आणि मला त्याची कल्पकता मनापासून आवडली. मग लक्षात येते की घोडे फिरवणारे हात वॉशिंग्टनचे नव्हते. १७९९ मध्ये तो वारला तेव्हा माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते. त्यांपैकी जे त्याच्या स्वतःच्या मालकीचे होते त्यांना मुक्त करावे असे त्याने मृत्युपत्रात लिहिले, आणि हेही खरे की बर्फात आणि पावसात आपल्या शेतांवरून घोड्यावर फेरी मारून आल्यावर लागलेल्या दुखण्यातच तो गेला. शेतीवरचे त्याचे प्रेम खोटे नव्हते. पण 'भूमीवर काम करणारा' या शब्दाचा हिशेब सरळ लावला तर माउंट व्हर्ननवर जॉर्ज म्हणवून घेण्याचा अधिकार तीनशेहून अधिक माणसांचा होता आणि नाव एकाच्या वाट्याला आले होते. त्याच्या जन्माच्याच वर्षी, १७३२ मध्ये, जॉर्ज दुसऱ्याने एका नव्या वसाहतीला सनद दिली आणि तिला स्वतःचे नाव दिले, ती जॉर्जिया. तिथे आपल्या हाताने कसणारे लहान शेतकरी वसावेत असा मूळ बेत होता आणि सुरुवातीला गुलामगिरीला तिथे बंदीही होती. ती बंदी १७५१ पर्यंतही धड टिकली नाही.

मुंबईत हे नाव दगडात कोरलेले आहे. वसईच्या आजोबांकडे ते इंग्रजांकडून आलेले नाही. १५३४ ते १७३९ पर्यंत तिथे पोर्तुगीज होते आणि त्यांच्याबरोबर आलेल्या नावांपैकी हे एक. मुंबईतला जॉर्ज मात्र इंग्रज राजाचा. बोरीबंदरजवळच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आसपास अठराव्या शतकातील जॉर्ज किल्ल्याचे अवशेष आहेत. २ डिसेंबर १९११ रोजी जॉर्ज पाचवा अपोलो बंदरावर उतरला, त्याची आठवण म्हणून गेटवे ऑफ इंडिया उभारले गेले. ३१ मार्च १९१३ रोजी त्याची कोनशिला बसवणारे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क, आणि त्याचा आराखडा करणारे वास्तुशिल्पी जॉर्ज विटेट. एका कमानीत तीन जॉर्ज, तिघेही नावाने शेतकरी, आणि तिघांपैकी कुणालाही कधी पावसाची वाट पाहावी लागली नसेल, निदान पिकासाठी तरी नाही. जॉर्ज पाचव्याचा पुतळा गेटवेजवळच्या बागेत होता. १९६१ साली २६ जानेवारीला तिथे शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. दादरच्या हिंदू कॉलनीतील किंग जॉर्ज शाळा राजा शिवाजी विद्यालय झाली, तरी त्या शाळेत शिकलेली आमच्या आधीची पिढी अजून "मी किंग जॉर्जचा" असेच सांगते आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटत नाही. मला मौज याची वाटते की दोन्ही ठिकाणी जॉर्जची जागा ज्यांनी घेतली, त्यांच्या बालपणाशी पुण्याच्या उजाड जमिनीवर सोन्याचा नांगर फिरवल्याची कथा जोडलेली आहे.

हे नाव ज्यांना जन्माने मिळाले नाही आणि तरीही ज्यांनी ते मागून घेतले अशांचा एक वेगळाच गोतावळा आहे. इंग्लंडच्या जॉर्ज सहाव्याचे घरातले नाव अल्बर्ट. थोरल्या भावाने १९३६ मध्ये गादी सोडल्यावर वडिलांच्या कारकिर्दीशी सातत्य दिसावे म्हणून त्याने जॉर्ज हे नाव घेतले. फ्रान्समधील ऑरोर द्युपँ हिने जॉर्ज सांद या नावाने लिहिले. जॉर्ज हे नाव आपल्याला बेरी या आपल्या प्रांतातल्या माणसाचेच दुसरे नाव वाटले असे तिने नोंदवून ठेवले आहे, आणि बेरी हा शेतकऱ्यांचा प्रांत. तिच्या कानाला या नावातली माती बरोबर लागली होती. मेरी अॅन इव्हान्स हिने आपला सहचर जॉर्ज ल्युइस याचे नाव घेतले आणि ती जॉर्ज एलियट झाली. एरिक ब्लेअर १९०३ मध्ये बिहारमधील मोतीहारी येथे जन्मला. वडील सरकारच्या अफूखात्यात, म्हणजे शेतकऱ्यांकडून अफूचे पीक काढून घेणाऱ्या खात्यात अधिकारी. पहिले पुस्तक निघताना, १९३३ मध्ये, त्याने जॉर्ज ऑर्वेल हे नाव निवडले, त्यातले ऑर्वेल हे एका नदीचे नाव. पुढे तो एका खेड्यात राहून बकऱ्या आणि कोंबड्या पाळू लागला आणि भाजीचा मळा करू लागला. थडग्यावर मात्र एरिक आर्थर ब्लेअर असेच कोरले आहे. याच्या उलट बर्नार्ड शॉ; जन्माने जॉर्ज, पण त्याला ते नाव मुळीच आवडत नसे आणि त्याने ते टाकून दिले. शॉच्या हातून शेती होण्याचा संभव फारच कमी होता, तेव्हा त्याने प्रामाणिकपणाच केला असे म्हणावे लागेल.

आणि मग कार्व्हर. वीणा गवाणकर यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे हा माणूस मराठी घरांत इतका ओळखीचा आहे की त्याची गोष्ट पुन्हा सांगण्याचे कारण नाही. पण त्याच्या नावाची गोष्ट मला स्वतंत्रपणे पाहावीशी वाटते. मिसूरी राज्यात मोझेस कार्व्हर याच्या शेतावर गुलाम आईच्या पोटी तो जन्मला, यादवी युद्धाच्या धामधुमीत. तान्हा असताना टोळीने त्याला आईसकट पळवून नेले. आई कधीच सापडली नाही, मूल तेवढे एका घोड्याच्या मोबदल्यात परत मिळाले. गुलामाला आडनाव नसे. तो 'कार्व्हरचा जॉर्ज' होता, म्हणजे षष्ठीचा प्रत्यय लागलेला जॉर्ज, कुणाच्या तरी मालकीचा. घर सोडून शाळा शोधत निघाल्यावर तो 'जॉर्ज कार्व्हर' झाला; मालकीचा प्रत्यय गळाला आणि मालकाचे नाव आडनाव म्हणून मागे राहिले. पुढे तो राहत होता त्या गावात आणखी एक जॉर्ज कार्व्हर निघाला, तेव्हा टपालाची गल्लत होऊ नये म्हणून त्याने मध्ये डब्ल्यू हे अक्षर घातले. ते वॉशिंग्टनचे का, असे कोणी विचारले तेव्हा का नसावे, असे तो म्हणाला असे सांगतात. गुलामाच्या मुलाच्या नावात अशा रीतीने एका टपालाच्या सोयीपोटी तीनशे गुलामांचा धनी येऊन बसला.

या जॉर्जने मात्र नावाचा अर्थ अक्षरशः जगून दाखवला, आणि तो त्याला ठाऊक असो वा नसो, त्याने काही फरक पडत नाही. १८९६ मध्ये तो अलाबामातील टस्कीगी येथे गेला तेव्हा आजूबाजूची जमीन वर्षानुवर्षे कापूस घेऊन निःसत्त्व झाली होती. ती कसणारे बहुतेक काळे वाटेकरी होते. बी उधार, खत उधार, हंगाम संपला की कर्ज तेवढे शिल्लक. भुईमूग, चवळी, रताळी लावा, शेंगवर्गीय पिकांच्या मुळांनी जमिनीत नत्र परत येते, हे तो त्यांना सांगत होता. पण ऐकणारा माणूस शेत सोडून शाळेत येणार नव्हता, म्हणून १९०६ मध्ये घोड्यांची एक गाडी तयार करून अवजारे आणि नमुने त्या गाडीतून शेतांच्या बांधापर्यंत नेण्याची योजना त्याने आखली. भुईमुगाचे १०५ पदार्थ सांगणारी त्याची पुस्तिका शेतकऱ्याच्या घरातल्या बाईसाठी होती, हे मला त्याच्या प्रयोगशाळेपेक्षाही मोठे वाटते. पिकलेले विकले गेले नाही तर निदान घरात खाल्ले जावे एवढा व्यवहार त्यात आहे. पीनट बटर त्याने शोधले ही समजूत मात्र चुकीची आहे, आणि त्या एका चुकीच्या समजुतीखाली मातीचे खरे काम झाकले जाते याचा मला त्रास होतो. त्याच्या आयुष्याची जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे त्या मातीत गेली. ५ जानेवारी १९४३ रोजी तो वारला तेव्हा तिकडे लंडनच्या गादीवर जॉर्ज सहावाच होता.

केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांकडे हे नाव युरोपातून आलेले नाही. सीरियाक भाषेतील 'गिवर्गिस'वरून ते तिथे गीवर्गीस आणि वर्गीस झाले. म्हणजे वर्गीस कुरियन हेही जॉर्जच. कोळिकोड येथे त्यांचा जन्म झाला तो १९२१ मध्ये २६ नोव्हेंबरला. पंचांग वेगळे आहे हे मान्य करूनही, रशियन कुळांच्या त्या जुन्या मुक्तीच्या तारखेलाच हा जॉर्ज जन्मावा हे मला विसरता येत नाही, कारण खेडा जिल्ह्यातील गवळ्यांना एकाच खरेदीदाराच्या कचाट्यातून सोडवून स्वतःच्या दुधाचे मालक करण्याच्या कामाशीच त्यांचे नाव जोडले गेले. १९४९ मध्ये ते आणंदला आले ते सरकारी शिष्यवृत्तीच्या अटीमुळे, नाइलाजाने. शिक्षण अभियांत्रिकीचे, आणि दूध तर ते स्वतः पीतच नसत, कारण त्यांना ते आवडत नसे. आपण शेतकऱ्यांचे नोकर आहोत असे ते उघडपणे म्हणत. शेतकरी नावाच्या माणसाने आपली ओळख अशी करून द्यावी, याहून सरळ उलगडा त्या नावाचा मला दुसरा सापडलेला नाही.

पण नाव नेहमी असे नेकीने वागत नाही. अमेरिकेत रेल्वेच्या निजण्याच्या डब्यांचा धंदा जॉर्ज पुलमन याने उभा केला. डब्यांत प्रवाशांच्या गाद्या घालायला, बूट पुसायला, सामान उचलायला त्याने गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसांना नोकरीवर घेतले. त्यांचे नाव काहीही असो, प्रवासी प्रत्येकाला 'जॉर्ज' अशीच हाक मारत. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखण्याची जुनी सवय डब्यात शिरली होती. ही सगळी जणू पुलमनचीच माणसे. यावर आक्षेप घ्यायला १९१४ मध्ये एक संघटना निघाली, पण ती पोर्टरांची नव्हे. पोर्टरला जॉर्ज म्हटल्याने आपल्या नावाचा अपमान होतो असे मानणाऱ्या, खरोखर जॉर्ज नाव असलेल्या गोऱ्या गृहस्थांची ती अर्धी गमतीची संस्था होती आणि तिच्या यादीत इंग्लंडचा जॉर्ज पाचवाही होता. त्यांच्या आग्रहामुळे कंपनीने १९२६ मध्ये डब्याडब्यांत कामावरच्या पोर्टरच्या नावाची पाटी लावायला सुरुवात केली. तेव्हा कळले की त्या सुमारे १२,००० नोकरांत जॉर्ज नावाची माणसे होती ३६२. माणसाला त्याचे नाव परत मिळाले ते दुसऱ्या कुणाच्या नावाची इभ्रत राखण्यासाठी. पोर्टरांची स्वतःची संघटना ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९२५ मध्ये उभी केली आणि तिला कंपनीशी पहिला करार करायला १९३७ उजाडले.

रेल्वे, संघटना आणि हे नाव या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मुंबईच्या माणसाच्या तोंडी एकच नाव येते. मंगळूरमध्ये ३ जून १९३० रोजी एका घरात थोरला मुलगा झाला. आईला जॉर्ज पाचव्याचे कौतुक, आणि राजाचा जन्मही ३ जूनचाच, म्हणून तिने मुलाचे नाव जॉर्ज ठेवले. घरच्यांनी त्याला पाद्री होण्यासाठी पाठवले, तो ते सोडून मुंबईला आला आणि सुरुवातीच्या दिवसांत चौपाटीवरच्या बाकावर झोपला. गोदीतले, टॅक्सीचे, महापालिकेचे कामगार त्याने बांधले, आणि सम्राटाच्या नावाच्या या मुलाला शहराने 'बंदसम्राट' म्हटले. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत त्याने मुंबईचे अनभिषिक्त सम्राट म्हणवले जाणारे स. का. पाटील यांना पाडले. मे १९७४ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली देशभरातले रेल्वे कामगार संपावर गेले, आणि तो संप सरकारने चिरडला तरी ती हाक पुसली गेली नाही. पुढच्या काळातले त्याचे राजकारण मला पटले नाही, ते त्याच्या अनेक जुन्या सोबत्यांनाही पटले नव्हते. तरीही ते सोबती आजही त्याला फर्नांडिस म्हणत नाहीत, साहेब तर नाहीच नाही. पुलमनच्या डब्यातल्या प्रवाशाला समोरच्या माणसाचे नाव जाणून घ्यायचे नव्हते म्हणून तो जॉर्ज म्हणत असे. गोदीच्या फाटकावरच्या कामगाराला जाणून घेण्यासारखे काही उरलेच नव्हते म्हणून तो जॉर्ज म्हणे, अरेतुरे करून म्हणे, आणि त्या हाकेत सम्राटाची आठवण एका आईखेरीज कुणालाही नव्हती.